दोन व्याही, दोन पथ्यं

दोघे एकमेकांचे व्याही, आणि दोघांनाही सोरायसिस. घड्याळवाल्यांचे चट्टे कोपरांवर, छापखानेवाल्यांचे गुडघ्यांवर. थंडीत दोघांचीही खाज वाढली, तेव्हा घड्याळवाल्यांनी दारू सोडली आणि छापखानेवाल्यांनी तळलेलं-आंबट सोडलं. वर पैज लागली: ज्याचं अंग आधी स्वच्छ होईल, त्याचं पथ्य दुसऱ्यानेही जन्मभर पाळायचं.

उन्हाळ्यात दोघांचेही चट्टे एकदमच विरले. मग निकाल लावून घ्यायला दोघे डॉक्टरांकडे गेले.

"बघा ही कोपरं!" घड्याळवाल्यांनी बाह्या सरसावल्या. "सगळं त्या दारूमुळे होतं. आता व्याहीबुवा, तुमचीही बाटली बंद."

"अहो, मग माझे गुडघे काय तुम्ही दारू सोडलीत म्हणून बरे झाले? तुम्ही मुकाट्याने तळलेली मासळी सोडा."

डॉक्टरांनी कोपरं पाहिली, गुडघे पाहिले आणि ते हसले. "दारू सुटली हे उत्तमच झालं. काहींचा त्रास तिने वाढतोही. हलकं जेवणही चांगलंच. पण तुम्ही दोघं तर दर उन्हाळ्यात असेच बरे होता. तुम्हाला ऊन मानवतं, एवढंच."

दोघे जिना उतरले. सहा महिने मारलेलं मन दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

मुलांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच व्याह्यांचं एकमत झालं: हा डॉक्टर बदलायला हवा.