बाबांनी निवडलेला रकाना

रुचिताने मिठागरांच्या अभ्यासाची फाइल 'आर' या आकडेवारीच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. स्क्रीनवर एक छोटी चौकट आली आणि तिच्यात फाइलमधले सगळे रकाने नावानिशी दिसले : वारा, ऊन, भरती, मीठ. शेजारी बाबा बसले होते. जन्मभर मिठागरात राबलेल्या बाबांची वाचा लकव्याने गेली होती.

"बाबा, यातलं काय बघू या?" तिने माउस त्यांच्या हाताखाली सरकवला.

"त्यांना काय इचारतेस? त्यांना आता काय पन समजत न्हाय," पेजेची वाटी त्यांच्यापुढे ठेवत आई म्हणाली.

स्क्रीनवरचा बाण थरथरत फिरला आणि 'मीठ'वर थांबला. क्लिक झालं. रुचिताने हरखून मिठाच्या उत्पादनाचा आलेख काढला. बाबांनी नकारार्थी मान हलवली. तिने चौकट पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा 'मीठ'च निवडलं, आणि दुसऱ्या हाताने पेजेची वाटी आईकडे ढकलली.

आई वाटीकडे बघतच राहिली. मग लकव्यानंतर पहिल्यांदाच ती थेट बाबांशी बोलली.

"अवो, डॉक्टरनी बंद केलंय."