छातीतला माल

वाल्मीक नापास झाला. पण ते अजून झालेलंच नाही असं धरून चालू, कारण दवाखान्यात वाल्मीकनंही तसंच धरलं होतं. पहिल्या दोन फुंका सरावाच्या, असं त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं.

सिन्नरच्या दगडभुकटीच्या कारखान्यात त्याला सोळा वर्षं झाली होती. सुट्टी झाली की गेटवर वॉचमन सगळ्यांना कपडे झटकायला लावी. कंपनीचा माल चिमूटभरही बाहेर जाता कामा नये. आता नवा नियम निघाला होता. नाशिकच्या दवाखान्यात जाऊन छातीचा दम मोजायच्या मशीनमध्ये फुंकायचं, पास झाला तरच सोमवारी कामावर. वाल्मीकनं महिनाभर तयारी केली. फुंकणी घेऊन घरची चूल फुंकली, मग शेजारच्यांची. गल्लीचा स्वयंपाक वेळेवर होऊ लागला. वाल्मीकचा खोकला तेवढा वाढला.

"काका, नळी ओठांत घट्ट धरा," मशीनवरची हर्षाली म्हणाली. तिनं त्याच्या नाकाला चिमटा लावला. "छातीभर श्वास घ्या. आता फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून…"

दाराशी बसलेली त्याची बायको सगुणाबाईही गाल फुगवून फुंकत होती. तिची फुंक जास्त वेळ टिकली.

कागदावरची रेघ जराशी चढली आणि बसली.

"तुमच्या उंचीच्या माणसाचे तीन लिटर तरी यायला हवेत. दीडच येतायत."

"उंचीवर हाय का ते? मग वाकून फुंकतो."

"अहो, गप ऱ्हावा," सगुणाबाई म्हणाली. "ताई, आत आजून आसंल बघा. ह्यो माणूस सगळं कधी बाहेर काढीत नाय."

"असतेच, मावशी. कितीही फुंकलं तरी लिटरभर हवा आत उरतेच. सगळ्यांच्याच. ती या मशीनला मोजता येत नाही."

वाल्मीकला एकदम हुशारी आली. "मग ती धरा की. दीड आन् एक, अडीच झालं."

"ती धरत नाहीत, काका."

"सोळा वर्सांपास्नं तीच हाय व्हय आत?"

"हवा बदलत राहते," हर्षाली कागद फाडत म्हणाली. "भुकटी नाही बदलत."

सगुणाबाईनं पदरानं त्याचे ओठ पुसले.

वाल्मीकनं पेन मागून घेतलं. रिपोर्ट पालथा केला आणि सातवी पास अक्षरात, ओळीओळीला दम खात, लिहिलं:

"मा. मॅनेजरसाहेब यांस. विनंती अर्ज करतो की, गेटवर रोज कपडे झटकूनही कंपनीचा काही माल अर्जदाराच्या छातीत बसून नजरचुकीने बाहेर गेला आहे. तरी सदर माल काढून जमा करून घ्यावा व अर्जदारास सोमवारपासून त्याच खात्यात कामावर घ्यावे, ही नम्र विनंती."