आंदणाची मोटार

लाखनी गाव मागे पडलं आणि गाडी पुन्हा बंद पडली.

आधी साकोलीला. मग नाल्याच्या पुलावर. आता इथे, भर उन्हात.

नवरदेव तेजराम खाली उतरला. या परदेशी गाडीचं इंजिन मागे होतं. त्याने मागे बांधलेली आंदणाची गादी सोडली, झाकण उघडलं. आतून वाफ आली.

"तुह्या बापाले गाडी मांगतली व्हती," त्याचे वडील मधुकरराव पुढच्या सीटवरून नव्या सुनेला म्हणाले. "डबा नाही."

चंद्रकला खाली मान घालून बसली होती. हातावरची मेंदी कोणा दुसरीच्या हातावरची वाटत होती.

टपरीवरची माणसं जमली.

"फारेनची हाय जी. सस्त्यात भेटते, मंग ढकलत न्या लागते."

"नवरीले लावा ढकलाले. तिच्याच घरची हाय!"

सगळे हसले. मधुकररावही हसले, मग थांबले.

निघताना तिच्या बापाने खिडकीत डोकं घालून तिला सांगितलं होतं, "मांगच्या जाळीतून इंजन हवा घेते, बाई. तिथं काई बांधू देऊ नोको." तो वळला आणि वऱ्हाड्यांनी तिच्या डोळ्यांदेखत गादी नेमकी जाळीवर आवळली. नव्या नवरीने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नसतं. तिने उघडलं नाही.

गाडी निवली की चालायची. गादी चढली की बंद.

"आता एक डाव बंद पडली का इथूनच वापस," मधुकररावांनी जाहीर केलं. "गाडी बी, नवरी बी. तिच्या बापाच्या दारात नेऊन उभी करतो."



बऱ्याच वेळाने इंजिन सुरू झालं. मधुकरराव टपरीकडे पाणी प्यायला गेले. तेजराम तिच्या खिडकीशी वाकला. आवाज हळू.

"काई सांगून ठेवलं काय वं तुह्या बापानं? गाडीचं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर बाशिंगाचा वळ उमटला होता. माणूस वाईट दिसत नव्हता. चांगलाही.

"नाही."

लग्न लागल्यापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं.

तेजरामने गादी उचलली, धूळ झटकली, जाळीवर ठेवली, दोरी ओढली. गाठ सरकत होती.

चंद्रकला दार उघडून खाली उतरली. पदर खोचला. आणि त्याला घट्ट बांधता यावं म्हणून तिने गाठीवर बोट दाबून धरलं.