डबा पुरेना

आमचे हे प्राणिसंग्रहालयात म्हाताऱ्या अस्वलिणीला सांभाळायचे. मी तिला सवत म्हणायचे. साथीत तिकीटखिडकी बंद झाली आणि ह्यांना डबा पुरेना. दुप्पट भरून दिला, तरी माणूस वाळतच गेला. शेवटी त्याच साथीने नेलंच ह्यांना. ह्यांच्या वस्तू आणायला गेले, तर आवारात सरकारी मदतीतला फळांचा ट्रक उभा! “वर्षभर हातापाया पडलो, मदत आत्ता आली,” साहेब म्हणाले. “आणि वहिनी, तुमची सवत कशालाच तोंड लावेना.” त्यांनी ह्यांचा डबा हाती दिला. पिंजऱ्यापाशी मी सहज झाकण उघडलं. आवाज ऐकताच सवत धडपडत गजांशी आली. माझा डबा कुणाच्या पोटात जात होता, ते तेव्हा कळलं. “सटवे, माझ्या माणसाला उपाशी ठेवलंस!” मी ओरडले. तिने रिकामा डबा हुंगला आणि माझ्यामागच्या फाटकाकडे बघत बसली. मीही वळून पाहिलं.