चाच्यांच्या किल्ल्यातली विहीर

बासष्ट साली मला कोकणातल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा आमच्या गावाहून, वरवट बकालहून, बाबा सोबत आले. गाव पसंत पडलं नाही, तर परत नेणार होते. शाळेमागच्या कड्यावरचा जुना किल्ला पाहायला गेलो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “इथं पह्यले चाचे राहत.” “चाचे मंजे?” “समुद्रातले दरोडेखोर.” “अन् चोराइच्या गावात तुले ठेवू?” “तीनशे वर्षं झाले, बाबा!” ते तिथल्या विहिरीच्या पायऱ्या उतरले. आमच्याकडे विहिरींचं पाणी खारट. गावाची पारख ते पाण्यावरूनच करत. घोटभर प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. “चहूकडे समुद्र, अन् पाणी गोड! राह्य पोरी इथं.” मग त्यांनी फिरकीचा तांब्या काठोकाठ भरला. “तुह्या मायले चाखवतो. मंग नाही रडनार.” झाकण घट्ट बसलं, तरी ते फिरवतच राहिले.