गाड्या नसलेली वाट

रस्त्याखालच्या मोरीत पाणी चढलं होतं. चांगलं कमरेएवढं. घड्याळजी दोन्ही हातांनी सायकल धरून त्या पाण्याकडे रागाने बघत राहिले.

"भरली की हो," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

मोरीच्या डोक्यावरून हमरस्ता जात होता. लेकीचं घर रस्त्याच्या पलीकडे, बांधावरून थोडंसंच पुढे. तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी इथून दिसत होत्या.

घरापासून इथवर त्यांना एकही गाडी आडवी आली नव्हती. येणार कशी? वाटच तशी शोधली होती. बर्फाच्या कारखान्यामागून निघायचं, मिठागरांच्या कडेने, मग शेतांमधून आणि शेवटी समुद्राच्या बांधावरून. सगळी बारीक खडीची वाट. गाई सोडल्या तर तिथे कुणी फिरकत नाही. घड्याळजींनी कितीतरी रविवार एकट्याने भटकून ती जोडली होती. त्यासाठी जाड टायरच्या दोन सायकली घेतल्या होत्या. एका ठिकाणी मात्र हा मेला हमरस्ता मध्ये येत होता. त्यावरही त्यांनी तोड काढली. ओहोटीला मोरी कोरडी पडते. तेव्हा सायकली हातात धरायच्या, वाकायचं आणि रस्त्याखालून गुपचूप पलीकडे निघायचं.

एवढा खटाटोप बायकोसाठी. दोन वर्षांपूर्वी बाजारातून परतताना वळणावर तिला टेम्पोने उडवलं. घड्याळजी आपल्या सायकलवर तिच्या मागेच होते. ती शुद्धीवर आली ती थेट दवाखान्यात. डोळे उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "माझी सायकल कुठाय?" डॉक्टर हसले. घड्याळजींनी मात्र ओळखलं, की बाईने चांगलाच धसका घेतलाय. तेव्हापासून घड्याळदुरुस्तीच्या दुकानात येईल त्याला ते सांगत, "आमच्या हिला रस्त्याची भीती बसलीय हो." बायको शेजारी शिलाई मशीन चालवत असे. ती हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. लेकीकडे जायचं तर बसने, आणि बसमध्ये घड्याळजी खिडकीचा पडदा ओढून घेत. तिला त्रास नको म्हणून.

ती पुन्हा सायकलवरून लेकीच्या दारात उतरली पाहिजे, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. आज तो दिवस होता, आणि आजच सगळं मुसळ केरात! भरती आपल्या वेळेवर आली होती. उशीर यांनाच झाला होता. सगळ्या गल्लीची घड्याळं वेळेवर आणणारा माणूस, पण दर वळणाला थांबत होता. दमलीस का? भीती वाटतेय का? पाणी देऊ का? ती आपली गाणं गुणगुणत, खडी उडवत सुसाट निघायची, आणि हे मागून हाका मारून तिला थांबवायचे. सकाळ इतकी सुरेख होती, वारा पाठीला होता, पण त्यांचं लक्ष तिच्या मागच्या चाकावर.

"परत फिरू," घड्याळजी म्हणाले. "पुढच्या रविवारी लवकर निघू."

"लेक वाट बघत असेल."

"फोन करू तिला. उगाच हट्ट नको करूस. तुला नाही झेपणार ते."

बायकोने मान डोलावली, सायकल वळवली आणि चढ चढून सरळ रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"अगं! अगं, थांब!"

तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. एक ट्रक येत होता, त्याला जाऊ दिलं. ड्रायव्हरने हात केला, तर हिनेही केला. मग आरामात, घरच्या अंगणातून जावं तशी ती पलीकडे गेली.

घड्याळजींचा ऊर भरून आला. एवढ्या रविवारांचं चीज झालं होतं. "शाब्बास!" ते इकडून ओरडले. "जिंकलीस!"

"या आता!"

"आलोच."

पण आले नाहीत. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. घड्याळजींनी एक पाय डांबरावर ठेवला आणि परत घेतला. तेवढ्यात लांबून टेम्पोचा आवाज आला, तसे ते सायकलसकट मागे गवतात सरकले. टेम्पो गेला. रस्ता पुन्हा रिकामा झाला. मुंगीएवढे स्क्रू बसवणाऱ्या हातांनी त्यांनी हँडल गच्च धरून ठेवलं.

बायकोने पलीकडे सायकल स्टँडला लावली आणि ती परत आली. एका हाताने तिने त्यांच्या सायकलचं हँडल धरलं, दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर.

"चला. रस्त्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा."

पलीकडे पोचल्यावर घड्याळजी दगडावर बसले. त्यांनी घाम पुसला.

"तुला काहीच वाटलं नाही?"

"मला काय वाटायचंय? मला त्यातलं काही आठवतच नाही. टेम्पो मला लागला, पण बघितला तुम्ही."

घड्याळजी दगडावरून उठले.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

बायकोने सायकल स्टँडवरून काढली, पेडलवर पाय ठेवला आणि हसली.

"तुमच्या नावावर ब्लडप्रेशर आहे, डायबेटिस आहे. म्हटलं, भीती तेवढी माझ्या नावावर राहू दे."