बिघडलेला प्रिंटर

"बापू, तुझी कादंबरी वाचायला कधी देतोस?"

"प्रिंटर बिघडलाय रे."

हे उत्तर मी भाल्याला वर्षभर देत होतो. खरं तर ती कुणी वाचेल, याचीच धास्ती होती.

"मग नवा मीच घेऊन देतो!"

"नको रे, खर्च कशाला?"

"मित्रासाठी नाही, तर काय डॉक्टरसाठी करायचा?"

दुसऱ्या दिवशी स्वारी खोका घेऊन हजर. प्रिंटरला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून तो समोरच खुर्ची टाकून बसला.

पहिलं पान निघताच भाल्या वाचू लागला. मी खोबरं चघळत भिंतीकडे पाहत राहिलो. एकाएकी तो खो खो हसला. मी डोकावलो. लिहिताना मी हसलो होतो, तीच ओळ!

"पुढचं पान कुठंय?"

मी प्रिंटरला थापटलं. "चल की रे लवकर!"